बिनमोरचुदाची खळ

बाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे विसरलं असं नव्हे. विसरायला गोष्ट आधी नजरेआड तरी व्हावी लागते. नानांनी ते पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं होतं आणि काही ना काही निमित्तानं तिसरा खंड ते रोज उघडत. पत्र आलं तेव्हा पंखा लागत होता. आता शाल लागत होती.

बाई वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी बसत. नाना आतल्या खोलीत फाटकी पुस्तकं नीट करत. दोघांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती आणि नोकरीचा सगळा काळ त्या खिडकीतून पुस्तकं आत-बाहेर जात राहिली. बाई म्हणत, "ह्याची पाठ गेली हो." नाना म्हणत, "ठेवा." चार दिवसांनी नाना म्हणत, "झालं." बाई म्हणत, "छान." एवढ्या भांडवलावर दोघांचं फार बरं चाललं होतं. निवृत्त झाल्यावर बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि तिथून त्यांनी लिहिलं : 'तुमची नात मत्स्यालयात पाण्याखाली काम करते असं ऐकलं. पाण्याखाली नोकरी करणारं माणूस मी कधी पाहिलेलं नाही. एखाद्या रविवारी जाणार असाल तर मलाही न्या. कळवा.'

कळवायचं होतंच. पण नानांची गाडी मायन्यापाशीच अडली. 'आदरणीय' लिहिलं की सत्काराचं निमंत्रण वाटे. 'स. न. वि. वि.' लिहिलं की मुदत उलटलेलं पुस्तक परत मागितल्यासारखं वाटे. एकदा त्यांनी धीर करून 'प्रिय' लिहून पाहिलं, तर स्वतःचेच कान तापले म्हणून उठून खिडकी उघडली. शब्द खोडायला सोपे जावेत म्हणून ते पेन्सिलीनं लिहीत. त्यामुळे उत्तर काही तयार झालं नाही, खोडरबर मात्र संपलं.

याचा एक परिणाम असा झाला की नाना अजून मत्स्यालयात गेलेच नव्हते. बाईंना न कळवता एकट्यानं जाऊन येणं त्यांना बरं दिसेना. नात दर आठवड्याला बोलवायची, आणि नाना म्हणायचे, "बघू."

नातीला घरात सगळे टिटवी म्हणत. लहानपणापासून ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलत असे. आणि अशा मुलीनं तोंडात हवेची नळी धरून करायची नोकरी धरावी, याचं तिच्या आईवडिलांना फार आश्चर्य वाटे. ते दूरच्या गावी होते. टिटवीला ही नोकरी लागली तेव्हा सोबत म्हणून नाना तिच्या दोन खोल्यांत राहायला आले. कोण कोणाची सोबत करतं, हा प्रश्न कुणी काढला नाही.

"नाना, मासे माझ्याकडे येतच नाहीत," शुक्रवारी जेवताना टिटवी म्हणाली.

"येत नाहीत म्हणजे?"

"मी खाण्याची टोपली घेऊन खाली उतरते, की सगळे पलीकडच्या कोपऱ्यात. जशी काही मी वर्गणी मागायला आलेय."

"आधीचा जो मुलगा होता, त्याच्याकडे यायचे?"

"त्याच्या खांद्यावर बसायचे म्हणे. साहेब रोज ऐकवतात. आज म्हणाले, रविवारी शाळेची मुलं येणार आहेत. रविवारी मासे तुझ्याकडे आले तर तू कायम. नाही आले तर काचा काय, बाहेरूनही पुसता येतात."

"असं म्हणाले?"

"बाहेरून म्हणाले, नाना. कोरड्या बाजूनं." तिनं भाताचा घास हातातच धरून ठेवला. "आणि तो पेन्शनर तर कपारीतून तोंडसुद्धा काढत नाही."

"कोण पेन्शनर?"

"म्हातारा मासा आहे एक. हा एवढा. दगडाच्या कपारीत बसून असतो. कधीतरी शेपूट दिसते, कधीतरी डोळा. पूर्ण असा कुणी पाहिलाच नाही त्याला."

"त्याला घाई नसेल," नाना म्हणाले. त्या माशाबद्दल त्यांना उगाचच आपुलकी वाटली.

शनिवारी मत्स्यालय लोकांसाठी बंद असे. टिटवी माशांचं खाणं चिरायला तेवढी जाई आणि तिचा सूट घरी वाळत राही. हा सूट म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा काळा, जाडसर, अंगाबरोबर बसणारा पोशाख. टाकीतलं पाणी माशांसाठी गार ठेवलेलं असतं, म्हणून त्याच्याशिवाय उतरायची सोय नव्हती. मत्स्यालयाकडे जादा सूट होते. पण ते धिप्पाड माणसांचे, एकेकात दोन टिटव्या मावल्या असत्या. हा तिनं पहिल्या पगारातून स्वतःच्या मापाचा घेतला होता.

"उन्हात नका हां ठेवू. सावलीत टांगा," एवढं सांगून ती गेली.

टांगायचं कसं, हीच नानांची अडचण होती. खिळ्यावर मानेनं लोंबणारं ते बिनडोक्याचं काळं अंग त्यांना बघवत नसे. बाथरूममध्ये ते निथळत असलं की नाना आत जाण्याआधी नकळत दारावर टकटक करत. म्हणून त्या दिवशी त्यांनी सूट खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसवला. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, पाय जुळवले. सूट अर्धवट ओला असल्यानं त्याला अंगचा आकार होता. तो किंचित एका बाजूला कलून बसला, एखाद्याचं म्हणणं ऐकून घेणारं माणूस बसतं तसा.

खिडकीतून शेवाळी रंगाचा उजेड येत होता. समोरच्या झाडाची पानं पडद्यावर हलत होती आणि खोलीभर संथ लाटा फिरत होत्या. सूट ऐकत होता, आणि त्याला डोकं नसल्यामुळे तो बघत मात्र नव्हता. असा श्रोता नानांना जन्मात मिळाला नव्हता.

"नमस्कार," नाना म्हणाले. "पत्र पोचलं. उशीर झाला."

सुटानं काही हरकत घेतली नाही.

"म्हणजे कामात होतो असं नाही. काही कामच नव्हतं. पण तुम्ही 'कळवा' म्हणालात, आणि कळवायचं म्हणजे..." इथं नाना थांबले. बाई खरोखरच आल्या तर? दारात उभ्या राहिल्या तर? बसा म्हणायला हवं. नुसतं तोंडानं म्हणून चालणार नाही, खुर्ची पुढे ओढून द्यायला हवी. आयुष्यात त्यांनी कुणाला खुर्ची ओढून दिली नव्हती. आधी एकदा करून पाहिलेलं बरं.

त्यांनी एका हातानं सुटाला खांद्याशी धरून उभं केलं, दुसऱ्या हातानं खुर्ची पुढे घेतली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "बसा ना."

खुर्चीच्या कडेला एक खिळा वर आलेला होता. नानांना तो चांगला ठाऊक होता. त्यांचे दोन पायजमे त्यानं खाल्ले होते. पण माणूस आदरातिथ्यात गुंतला की खिळा कुठून आठवणार? चर्र असा आवाज झाला.

कापड फाटल्याचा आवाज नानांनी पुष्कळ ऐकला होता, पण तो नेहमी दुसऱ्याच्या हातून. ते आधी सुटाला म्हणाले, "माफ करा." मग वाकून पाहिलं. बसायच्या जागेच्या जरा खाली सुरू होऊन फाट थेट गुडघ्याच्या मागच्या लवणापर्यंत गेली होती. रविवारचा कार्यक्रम, शाळेची मुलं, साहेब, कोरडी बाजू, असं सगळं त्या फाटीतून त्यांना ओळीनं दिसू लागलं.

ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग हाडाचा कारागीर जागा झाला. फाट सरळ होती. धागे निघालेले नव्हते. मध्ये रबरी स्पंजाचा थर आणि दोन्ही अंगांना पातळ ताणतं कापड. सुई लावायची सोय नव्हती. टिटवीनंच एकदा सांगितलं होतं, एकेक टाका म्हणजे पाण्याला एकेक दार. असं काही झालं तर सायकलच्या पंक्चरला लावतात तसलं रबराचं सोल्यूशन लावायचं, हेही तिनं सांगितलं होतं. म्हणजे उपाय माहीत होता. पंक्चरचं दुकान कोपऱ्यावरच होतं. फक्त तिथं जाऊन बोलायचं होतं.

नानांनी सूट घडी करून कापडी पिशवीत घातला, वाक्य पाठ केलं आणि निघाले. दुकानापुढे चार माणसं उभी होती. नाना वाक्य मनात घोळवत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा पंक्चरवाल्यानं वर पाहिलं ते त्यांच्या तोंडाकडे नव्हे, पिशवीकडे. पिशवीतून सुटाची एक बाही बाहेर येऊन लोंबत होती.

"बोला काका."

पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी कुठं गेलं कोण जाणे.

"हवा भरायची," नाना म्हणाले.

"सायकल कुठंय?"

"घरी."

"मग हवा काय पिशवीतून नेणार?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"सायकल घेऊन येतो," नाना म्हणाले. त्यांनी जन्मात सायकल घेतली नव्हती.

"आणा आणा. हवा कुठं पळून जात नाही."

घरी आल्यावर नानांनी ठरवलं, की आपल्याला जे येतं तेच माणसानं करावं. आणि त्यांना पुस्तकं चिकटवायची खळ करता येत होती. मैदा, पाणी आणि मंद आच. त्यांना काम शिकवणारे म्हातारे बांधणीवाले म्हणायचे, "दुरुस्ती अशी करावी, की उद्या कुणाला ती पसंत पडली नाही तर पाण्याचा बोळा फिरवून सोडवता यावी. आपलंच बरोबर कशावरून?" हे शेवटचं वाक्य नानांना इतकं पटलं होतं, की ते त्यांनी पुस्तकांपुरतं ठेवलं नाही. एरवीच्या आयुष्यातही पुसून टाकता येणार नाही असं त्यांनी फारसं काही केलं नव्हतं.

खळ ढवळता ढवळता त्यांचं मन शांत होत गेलं. पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं झालं. आता चिमूटभर मोरचूद. बांधणीच्या खळीत तो घालतातच, म्हणजे झुरळं नि कसर पुस्तकाला तोंड लावत नाहीत. नानांनी डबी उघडली, निळे खडे पाहिले आणि डबी मिटली. तो विषारी असतो. हे पोरीच्या अंगाला लागणार, शिवाय पाण्यात मासे. कुणाला बाधायला नको.

मग त्यांनी मांजरपाटाची एक लांब पट्टी कापली. पांढरी दिसू नये म्हणून ती दौतीतल्या काळ्या शाईत बुडवून वाळवली. सूट उलटा करून फाटीच्या कडा अशा जुळवल्या, की बोट फिरवून कळू नये. आतून पट्टी लावली, बांधणीवाल्यांची गुळगुळीत हाडाची पट्टी वरून फिरवून हवा काढली, फाटीतही खळ भरली, वर मेणकागद ठेवला आणि त्यावर शब्दकोशाचे सगळे खंड रचले. बाईंचं पत्रही तिसऱ्या खंडात बसून दाब द्यायला लागलं. संध्याकाळी खंड उचलले तेव्हा फाट कुठं होती ते नानांनाच शोधावं लागलं. त्यांनी हलक्या आवाजात स्वतःशीच म्हटलं, "झालं." मग खिडकीतून कुणी "छान" म्हणेल म्हणून क्षणभर थांबले.

रविवारी सकाळी टिटवीनं सूट घडी करताना हात फिरवला. "नाना, इथं कडक का लागतंय?"

"थंडीनं."

"सुटाला थंडी?"

"म्हणजे, मी काल जरा..." नानांनी सुरुवात केली. पण टिटवीच्या तोंडात टोस्ट होता, एका पायात बूट होता आणि दुसरा ती शोधत होती.

"आल्यावर सांगा हं. नाहीतर असं करा, तुम्हीच या आज. माझा शेवटचा दिवस असला तर बघायचा राहून जाईल."

"बघू," नाना म्हणाले, तोवर जिना वाजू लागला होता.

घर शांत झालं. काम चांगलं जमल्यानं नानांच्या अंगात थोडी हिंमत आली होती. या हिंमतीतच बाईंचं उत्तर लिहून टाकावं असं त्यांना वाटलं. त्यांनी तिसरा खंड उघडला. दाबून दाबून पाकीट अगदी नवं दिसत होतं. टिटवीच्या लहानपणापासून घरात येणाऱ्या पाकिटांची तिकिटं ते भिजवून सोडवत आणि तिच्यासाठी जपून ठेवत. हे एकच तिकीट त्यांनी इतके दिवस सोडवलं नव्हतं. आज तेही करावं. वाडग्यात पाणी घेऊन त्यांनी पाकिटाचा कोपरा बुडवला आणि पेन्सिलीला टोक करायला बसले.

टोक झालं. त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. तिकीट कागद सोडून वर आलं होतं आणि उन्हाच्या कवडशात गोल गोल फिरत होतं, काही ओझं नसल्यासारखं. नाना त्याच्याकडे बघत राहिले. किती सुरेख सुटलं. पाण्यात घातलं की चिकटवलेलं सुटतं. आपली खळसुद्धा अशीच...

नाना उठले. कोट पायजम्यावरच चढवला, पायात सपाता तशाच राहिल्या, पेन्सिल कानावर राहिली, आणि ते जिना उतरू लागले. बसमध्ये त्यांनी ड्रायव्हरला थोडं वेगानं जायला सांगायचं ठरवलं, त्यासाठी एक वाक्यही तयार केलं, आणि ते नीट जुळेपर्यंत मत्स्यालय आलं.

"तिकीट," खिडकीतला माणूस म्हणाला.

"माझी नात आत आहे."

"हरवलीय का? केवढी आहे?"

"हरवली नाही. पाण्यात आहे."

माणूस उभाच राहिला. "पडली?"

"नाही नाही, उतरली आहे. नोकरीच आहे तिची. तिला म्हणावं उतरू नकोस. तिची खळ सुटणार आहे."

"तिचं काय सुटणार आहे?"

"मागून," नाना म्हणाले आणि लाजेनं त्यांना पुढे बोलवेना.

माणसानं त्यांच्या सपातांकडे पाहिलं, कानावरच्या पेन्सिलीकडे पाहिलं, आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, आत जा. बसा जरा गार हवेला."

आतलं दालन अंधारं होतं, आणि अंधाराच्या टोकाला एक भिंत उजळली होती. भिंत कसली, सगळं पाणीच उभं होतं. वरून उजेडाच्या तिरप्या काठ्या आत उतरत होत्या, त्यांतून चंदेरी थवे वळत होते, थांबत होते, पुन्हा वळत होते, आणि कशाचाही आवाज होत नव्हता. शाळेची मुलं जमिनीवर ओळीनं बसली होती. आपण कशासाठी धावत आलो ते नाना क्षणभर विसरले. वाचनालयाच्या आतल्या खोलीत दुपारी असंच वाटे, असं त्यांच्या मनात आलं. इथं फक्त पुस्तकं पोहत होती.

"आणि आता आपली पाणबुडी ताई," साहेबांचा आवाज ध्वनिक्षेपकातून आला. साहेब काचेशेजारी उभे होते, शेलाटे, टाय लावलेले, आणि मासे येणार नाहीत याची पुरेपूर खात्री असलेले.

वरून बुडबुड्यांचा झुबका आला आणि त्यातून टिटवी खाली उतरली. पाठीवर हवेची टाकी, पायांत वल्ह्यांसारखे लांब रबरी पंख, हातात टोपली. सगळे मासे शिस्तीनं पलीकडच्या कोपऱ्यात गेले.

"ताई लांबून खायला घालते," साहेब कोरड्या आवाजात म्हणाले. एक मुलगा जांभई देऊ लागला.

नाना मुलांच्या कडेकडेनं काचेपर्यंत पोचले. टिटवी पाठमोरी होती. तिच्या मांडीमागून शाईची एक बारीक रेघ निघाली. धुरासारखी वर चढली, वळली, आणि पाण्यात पेन्सिलीनं नक्षी काढल्यासारखी पसरत गेली.

"शाई सोडतेय," जांभई देणारा मुलगा जांभई अर्धी टाकून म्हणाला.

साहेबांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला आणि काय बोलावं ते न सुचून खाली आणला.

आता फाटीतली खळ भिजली. तिचे पांढुरके धागे सुटू लागले. कोपऱ्यातल्या थव्यातून एक लहानसा मासा निघाला, धाग्याशी आला, तोंड लावलं, आणि जागच्या जागी थरारला. मग परत जाऊन त्यानं बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे. अख्खा थवा वळला. पिवळे आले, पट्ट्यापट्ट्यांचे आले, तबकासारखे चपटे आले. टिटवी टोपली पुढे धरून उभी आणि सगळे तिच्या मागे. ती वळली की तेही वळत, त्यामुळे तिला कुणीच दिसत नव्हतं. मुलं खदखदून हसू लागली.

तेवढ्यात पट्टीचं एक टोक सुटलं. गार पाणी आत शिरलं असावं. टिटवीनं एकदम अंग आखडलं, मग हात पसरून गिरकी घेतली. काळी पट्टी लांब शेपटीसारखी तिच्यामागं गोल फिरली आणि शेपटीला लोंबकळून तीसेक मासेही फिरले. उजेडाच्या काठ्या मोडल्या आणि परत जुळल्या. पाण्याचं एक मोठं फूल मिटावं नि उमलावं तसं ते दिसत होतं.

"हा आपला खास कार्यक्रम," साहेबांना शेवटी शब्द सापडले, "खूप दिवसांच्या सरावानंतर..."

नाना मात्र रडकुंडीला आले होते. दोन्ही तळवे काचेवर टेकून ते बोलू लागले. "टिटवे, माझं चुकलं. मीच फाडला गं. खुर्चीच्या खिळ्याला लागला. तुला सांगणार होतो. पंक्चरवाल्याकडे गेलो होतो पण त्यानं सायकल विचारली. मग खळ लावली. पाण्यात सुटते हे मला चाळीस वर्षं माहीत आहे आणि नेमकं पाण्यात जाणाऱ्या वस्तूला लावताना आठवलं नाही. मी बाईंना बसा म्हणत होतो. बाई नव्हत्या. तूच होतीस, म्हणजे तुझा सूट. उत्तर द्यायचं होतं मला, सगळा घोळ त्यानंच झाला." कसलाही कच्चा मसुदा न करता ते एवढं सलग जन्मात बोलले नव्हते. काच बोटभर नव्हे, वीतभर जाड होती.

टिटवीनं त्यांना पाहिलं. मुखवट्याआडचे तिचे डोळे मोठे झाले. नाना आले. ती पोहत जवळ आली, मागं तिची सगळी वरात, आणि काचेच्या पलीकडून नानांच्या तळव्यावर तिनं तळवा ठेवला. नानांचे ओठ हलताना पाहून तिला वाटलं, आजोबा शाबासकी देताहेत. तिनं जोरजोरानं मान हलवली.

आणि तेव्हा कपारीतून पेन्शनर निघाला. आधी जाड ओठ, मग विचारी डोळा, मग बराच वेळ नुसतं अंगच अंग, राखाडी, ठिपक्यांचं, कडेला शेवाळ लागलेलं. मुलं गप्प झाली. साहेब ध्वनिक्षेपक विसरले. तो कुणाकडे न बघता सावकाश वर आला, वाटेतले लहानसहान मासे बाजूला झाले, आणि पट्टीचं उरलेलं टोक तोंडात धरून शांतपणे चोखत राहिला. नाना बोलायचे थांबले. दोघांनी एकमेकांकडे जरा पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर टिटवी मागच्या खोलीत दोन टॉवेल गुंडाळून बसली होती. दातांवर दात वाजत होते, पण त्यामुळे बोलणं थांबलं नव्हतं. सूट तिच्या मांडीवर उलटा पडला होता. नानांनी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी ते इतकं चांगलं जमलं नाही.

"खळ?" टिटवी म्हणाली. "पुस्तकाची?"

"मोरचूद नाही घातला."

"का?"

"विष असतं ते. माशांना बाधेल म्हणून."

टिटवी इतकी हसली की एक टॉवेल खाली पडला. "म्हणजे तुम्ही मला लापशी लावून पाठवलंत, नाना."

दार उघडून साहेब आत आले. टाय सैल झाला होता. "पेन्शनर बाहेर आला," ते म्हणाले, जणू खोलीत कुणाला ते माहीत नव्हतं. "मी इथं लागल्यापासून मलासुद्धा पूर्ण दिसला नव्हता. काय वापरलंस तू?"

"घरगुती खाणं आहे," टिटवी म्हणाली. "हे माझे आजोबा. हे करतात."

नाना उभे राहिले. "विशेष काही नाही. मैदा आणि पाणी. गुठळी होऊ द्यायची नाही. पण खात्रीनं नाही सांगता येणार, कालची जरा घट्टच झाली होती."

"घट्टच असू दे," साहेब म्हणाले. "दर रविवारी लागेल. टोपलीत, हां. सुटात नको. आणि तू उद्या ऑफिसात येऊन कायमच्या कागदावर सही कर." जाता जाता ते वळले. "आजोबा, तुमच्या कानावर पेन्सिल आहे."

साहेब गेल्यावर टिटवी गप्प झाली. ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की नाना घाबरले.

"सूट मी नीट करून आणतो," ते म्हणाले. "पंक्चरवाल्याकडे जातो. खरंच विचारतो."

"ते मी करीन. मला एक सांगा. तुम्ही माझ्या सुटाला खुर्ची ओढून दिलीत?"

"हो."

"बाई समजून?"

नाना सपातांकडे बघू लागले.

"आणि त्यांना अजून उत्तर दिलं नाहीत."

"मायना जमत नाही गं. आदरणीय म्हणावं तर..."

"तो पेन्शनर आज आला ना बाहेर," टिटवी टॉवेलनं केस पुसत म्हणाली, "त्यानं मायना विचारला का कुणाला?"

तिकिटाच्या खिडकीवर टाकीच्या चित्राची कार्डं मिळत, टपालाची तिकिटंही मिळत. मघाचा माणूस नानांना पाहून परत मऊ आवाजात बोलू लागला, पण नानांनी त्याला मध्येच थांबवून कार्ड मागितलं, आणि पेनही मागितलं. त्यांनी मायन्याची जागा तशीच कोरी सोडली आणि खाली लिहिलं : 'नात रविवारी पाण्यात उतरते. मीही असतो. येत्या रविवारी यावे. सोबत बसून पाहू.' खाली नाव घातलं, बाईंचा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि ते सुटत नाही ना हे अंगठ्यानं दोनदा पाहिलं.

टपालपेटी फाटकाशीच होती. नानांनी कार्ड आत सोडलं. टप असा आवाज झाला. लगेच त्यांच्या मनात आलं, 'सोबत बसून' हे जरा जास्त झालं का? नुसतं 'येऊन पाहावे' बरं दिसलं असतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. मग पेटीच्या फटीत हळूच हात घातला. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. बोटांना खाली नुसती गार पोकळी लागत होती.

ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग हात काढून घेतला, मनगट चोळलं, आणि सपाता फटफट वाजवत बसच्या थांब्याकडे निघाले. वाटेत मैदा घ्यायचा होता.